कारखान्यातली पहिली नोकरी: आयटीआय, अप्रेंटिसशिप आणि प्रमाणपत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, शिरोली. कुठल्याही एमआयडीसीत सकाळच्या शिफ्टच्या वेळी गेटवर हातात फाइल घेतलेली मुलंमुली उभी दिसतात. फाइलमध्ये पाच-सहा प्रमाणपत्रं असतात, पण त्यांतली कामाची कोणती हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. मुलं आणि पालक जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत एक कसोटी वारंवार येईल: हा कागद देतं कोण आणि मानतं कोण?

कारखान्यात लागायला आयटीआय केलंच पाहिजे का?

नाही. पॅकिंग, लोडिंग, हेल्पर, असेंब्ली लाइनवरचं साधं काम यासाठी दहावी-बारावीवरही घेतात. पण अशी भरती बहुधा कंत्राटदारामार्फत होते, आणि ऑर्डर कमी झाली की सगळ्यात आधी हीच माणसं कमी केली जातात. मशीनवर जायचं असेल, सेटिंग शिकायची असेल, मेंटेनन्स किंवा टूलरूमला (साचे आणि डाय बनवणारा विभाग) जायचं असेल, तर ट्रेडचं, म्हणजे फिटर, वेल्डर अशा एखाद्या ठरावीक कामाचं, शिक्षण लागतं. ते नसलेला मुलगाही मशीन चालवायला शिकतो, पण पगारवाढीच्या किंवा कायम करण्याच्या वेळी त्याच्या नावापुढची पात्रतेची जागा रिकामी राहते.

कोणता ट्रेड घ्यावा? सगळे इलेक्ट्रिशियन किंवा फिटरच सांगतात.

सांगतात कारण या दोन ट्रेडना जवळपास प्रत्येक कारखान्यात जागा असते. फिटर असेंब्लीत चालतो, मेंटेनन्समध्ये चालतो, फॅब्रिकेशनमध्येही चालतो. इलेक्ट्रिशियनशिवाय तर कुठलाच प्लांट चालत नाही. दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. म्हणून यादीत सगळ्यात आधी हेच भरतात.

पण गुण कमी पडले म्हणून टर्नर, मशिनिस्ट किंवा वेल्डर मिळाला, तर हिरमुसून जाऊ नका. ज्या भागात ऑटो पार्ट्सची मशीन शॉप्स आहेत तिथे टर्नर आणि मशिनिस्ट हे थेट कामाचे ट्रेड आहेत, कारण सीएनसी लेथ आणि व्हीएमसी या संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचा पाया तोच. कोल्हापूरकडे फाउंड्रीची, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवण्याची, मोठी परंपरा आहे, तिथे फाउंड्रीमनला काम शोधत फिरावं लागत नाही. टूल अँड डाय मेकर हा अवघड ट्रेड आहे, शिकवणाऱ्या संस्था कमी आहेत, पण तो नीट शिकलेल्या माणसाला कंपनी सहजासहजी सोडत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत हे काम खोलात शिकवतात.

निवडताना एक साधी गोष्ट करा. घरापासून रोज ये-जा करता येईल अशा अंतरातले कारखाने काय बनवतात ते आधी बघा. तिथे काम करणाऱ्या दोन-तीन लोकांना विचारा की तुमच्याकडे कोणत्या ट्रेडची माणसं कमी पडतात. प्रवेशाचा फॉर्म त्यानंतर भरा.

दहावी नापास आहे. संपलं का सगळं?

अजिबात नाही. वेल्डर, वायरमन यांसारख्या काही ट्रेडना दहावी नापास विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळू शकतो. दरवर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेत प्रत्येक ट्रेडसमोर पात्रता दिलेली असते, ती वाचा. महाराष्ट्रात ही प्रवेशप्रक्रिया व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय ऑनलाइन राबवतं.

सरकारी आयटीआय चांगलं की खासगी?

सरकारीत फी कमी असते आणि आवारही सहसा मोठं असतं. खासगीत काही संस्था उत्तम आहेत आणि काही फक्त हजेरीपटावर चालतात. म्हणून पाटी बघून ठरवू नका, वर्कशॉप बघून ठरवा. प्रवेशाआधी एकदा आत जा. लेथवर ताजी चीप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, पडलेली आहे का, की मशीनवर धूळ साचली आहे? बेंच व्हाइसचे जबडे वापरून घासलेले दिसतात का? मायक्रोमीटर कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात? याची उत्तरं पाच मिनिटांत मिळतात.

दुसरं, तुम्ही घेणार असलेल्या ट्रेडच्या त्या तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, म्हणजे डीजीटीची संलग्नता आहे का ते तपासा. संस्थेला मान्यता असते, पण एखाद्या वाढीव तुकडीला नसते, असंही घडतं. तसं असेल तर शेवटी हातात येणारा कागद वेगळा असतो.

जिथे 'ड्युअल सिस्टीम' आहे, म्हणजे प्रशिक्षणाचा काही काळ प्रत्यक्ष कारखान्यात जातो, ती संस्था मिळाली तर पहिली पसंती तिला द्या.

एनटीसी, एनएसी, एनसीव्हीटी, एससीव्हीटी… यातलं नेमकं काय काय असतं?

एनटीसी म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. आयटीआयचा ट्रेड पूर्ण करून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झालात की ते मिळतं आणि देशभर चालतं. या परीक्षेत थिअरीला ३३ टक्क्यांना पास करतात, पण प्रात्यक्षिकाला ६० टक्के लागतात. कशाला महत्त्व आहे ते यावरून कळावं. तरीही मुलं रात्र रात्र जागून थिअरीचे प्रश्नसंच पाठ करतात आणि कानस मारायचा सराव बुडवतात, याचं फार वाईट वाटतं.

एनएसी म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. ते कारखान्यात अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा दिल्यावर मिळतं. एनटीसी तुम्ही ट्रेड शिकलात असं सांगतं. तो ट्रेड प्रत्यक्ष उत्पादनात वापरलात हे एनएसी सांगतं. दोन्ही असलेल्या उमेदवाराची फाइल वेगळी ठेवली जाते.

एनसीव्हीटी ही व्यवसाय प्रशिक्षणाची जुनी राष्ट्रीय परिषद. तिच्या जागी आता एनसीव्हीईटी आहे, तिची अधिसूचना २०१८ ची. बोलताना लोक अजून 'एनसीव्हीटी पास' असंच म्हणतात, त्यात बिघडत काही नाही. एससीव्हीटी म्हणजे राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र. ते राज्यात चालतं, पण केंद्र सरकारच्या किंवा परराज्यातल्या भरतीत जाहिरात नीट वाचावी लागते.

अप्रेंटिसशिप आणि कंपनीतली 'ट्रेनी' नोकरी यात फरक काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली चालते. कंपनी आणि तुम्ही यांच्यात करार होतो, तो अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, प्रशिक्षणाचा कालावधी आणि अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि शेवटी परीक्षा होऊन एनएसी मिळतं. आयटीआय झालेल्यांना बहुतेक ट्रेडमध्ये हा काळ एक वर्षाचा असतो. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक.

'ट्रेनी' या शब्दाला मात्र तसा आधार असेलच असं नाही. चांगल्या कंपन्या ट्रेनी म्हणून घेतात, शिकवतात आणि कायमही करतात. पण काही ठिकाणी ट्रेनी म्हणजे कमी पैशात पूर्ण उत्पादन देणारा हात, एवढाच अर्थ असतो. मुलगा वर्षभर एकाच प्रेसवर एकच पार्ट ठोकत बसतो. वर्ष संपल्यावर त्याच्याकडे एक अनुभवपत्र असतं, आणि कधीकधी तेही नसतं. त्या वयातलं एक वर्ष असं जाणं परवडणारं नाही.

म्हणून रुजू होताना तीन गोष्टी विचारा. माझा करार पोर्टलवर नोंदवणार का? त्याचा नोंदणी क्रमांक मला कधी मिळेल? आणि शेवटी परीक्षेला कोण बसवणार? उत्तर स्पष्ट आलं तर निर्धास्त जा. 'आधी कामावर या, कागदपत्रांचं नंतर बघू' असं ऐकू आलं, तर समजून घ्या की ती अप्रेंटिसशिप नाही. घरच्या गरजेपोटी तरीही जायचं असेल तर जा, पण ती नोकरी आहे हे धरून पगार, पीएफ आणि ओटीचा (ओव्हरटाइमचा) दर विचारा.

अप्रेंटिस असताना पैसे किती मिळतात?

याला पगार म्हणत नाहीत, विद्यावेतन म्हणतात, आणि त्याची किमान रक्कम नियमाने ठरते. २०१९ च्या दुरुस्तीत दरमहा किमान रक्कम अशी ठरली: पाचवी ते नववी शिकलेल्यांना ₹५,०००, दहावीला ₹६,०००, बारावी आणि आयटीआय प्रमाणपत्रधारकांना ₹७,०००, डिप्लोमाला ₹८,०००, पदवीला ₹९,०००. प्रशिक्षण एका वर्षाहून जास्त असेल तर दुसऱ्या वर्षी १० आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून सही करण्यापूर्वी पोर्टलवर चालू रक्कम पाहून घ्या. ही किमान रक्कम आहे, त्याहून जास्त द्यायला कंपनीला कुणाची मनाई नाही, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या देतातही. २०१६ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा उचलतं, महिन्याला जास्तीत जास्त ₹१,५००.

पीएफ आणि ईएसआय नोंदणीकृत अप्रेंटिसला लागू होत नाहीत. ते कापले नाहीत म्हणून घाबरू नका.

अप्रेंटिसला ओटी लावता येतो का? पीसवर काम देता येतं का?

पीसच्या दरावर, म्हणजे नगामागे, पैसे देणं कायद्याला मान्य नाही. ओव्हरटाइमसाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागारांची, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते, आणि तीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचं कारण असेल तरच. आस्थापनेतल्या रजा आणि सुट्ट्या तुम्हालाही मिळतात. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. या गोष्टी भांडायला म्हणून सांगत नाही. पण कुणी चुकीचं सांगितलं तर ते चुकीचं आहे, एवढं तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

अप्रेंटिसशिप संपली की तिथेच नोकरी मिळते का?

मिळेलच असं नाही. नोकरी द्यायला कंपनी कायद्याने बांधील नसते, ती आपलं भरतीचं धोरण ठरवते. म्हणून कंपनी निवडताना गेल्या वर्षीच्या अप्रेंटिसांचं पुढे काय झालं, हे आतल्या कुणालातरी विचारा.

रेल्वेचं गणित वेगळं आहे. रेल्वेच्याच आस्थापनेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात सुरुवातीच्या श्रेणीच्या, थेट भरतीत २० टक्के जागा असतात. माझगाव डॉक, महावितरण, एसटी महामंडळ अशा ठिकाणीही अप्रेंटिस घेतले जातात. त्यांच्या जाहिराती ठरावीक मुदतीसाठीच निघतात, तेव्हा नजर ठेवावी लागते.

अप्रेंटिसशिप मधेच सोडली तर?

करार मोडण्यासाठी दोन्ही बाजूंना सल्लागारांकडे अर्ज करता येतो. चूक मालकाची ठरली तर तो भरपाई देतो, उमेदवाराची ठरली तर प्रशिक्षणाचा खर्च मागितला जाऊ शकतो. मोबाइल बंद करून घरी बसणं हा सगळ्यात वाईट मार्ग. काही खरोखर चुकीचं चाललं असेल तर आयटीआयच्या प्राचार्यांना किंवा जिल्ह्याच्या अप्रेंटिसशिप कार्यालयात लेखी द्या.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना म्हणजेच अप्रेंटिसशिप का?

नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या या योजनेत बारावीला ₹६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ₹८,००० आणि पदवीधरांना ₹१०,००० असं मासिक विद्यावेतन ठरलं. कामाची ओळख व्हायला ती चांगली आहे. पण तिच्यातून एनएसी मिळत नाही. एकाच वेळी दोन्ही समोर आल्या आणि तुम्हाला ट्रेडमध्येच पुढे जायचं असेल, तर महिन्याची रक्कम थोडी कमी असली तरी नोंदणीकृत अप्रेंटिसशिप धरा.

सीएनसीचा दोन महिन्यांचा कोर्स करून नोकरी लागते का?

आधी मापन आणि ड्रॉइंग येत असेल तर लागते. ते येत नसेल तर कोर्सची फी वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

कारण बघा. कोर्समध्ये जी ०० म्हणजे रॅपिड, जी ०१ म्हणजे सरळ रेषेत कटिंग, एम ०३ म्हणजे स्पिंडल सुरू, एम ३० म्हणजे प्रोग्रॅम संपला, हे शिकवतात. हे पंधरा दिवसांत पाठ होतं. पण नव्या ऑपरेटरला प्रोग्रॅम लिहायला कुणी बसवत नाही. त्याचं काम म्हणजे जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) लावणं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलणं, माप घेणं आणि ऑफसेट देणं, म्हणजे मापातला फरक मशीनमध्ये भरणं. समजा शाफ्टचा व्यास २० मिमी हवा आहे आणि मायक्रोमीटर २०.०४ दाखवतोय. टर्निंगला एक्स अक्ष व्यासात चालतो, तेव्हा वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०४ द्यायचं. घाईत उणेचं चिन्ह राहिलं तर पुढचा जॉब २०.०८ निघेल. तेवढ्यावर निभावलं, कारण जास्तीचं मटेरियल पुन्हा काढता येतं. हीच चूक बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला झाली, भोक आधीच मोठं असताना आणखी मोठं झालं, तर जॉब थेट रिजेक्शनच्या ट्रेमध्ये. म्हणजे नोकरी टिकते ती माप अचूक घेण्यावर आणि ऑफसेट कोणत्या दिशेला द्यायचा हे समजण्यावर.

तेव्हा कोर्स निवडताना विचारा: प्रत्यक्ष मशीन किती, एका मशीनवर मुलं किती आणि खरं मटेरियल कापायला देता का? फक्त संगणकावर सिम्युलेशन दाखवणारी जागा असेल तर पैसे जपून ठेवा.

वेल्डिंगमधलं ३ जी, ६ जी म्हणजे काय? ते प्रमाणपत्र घ्यावं का?

वेल्डिंग कोणत्या स्थितीत करता त्याचे हे आकडे. १ जी सपाट, २ जी आडवी, ३ जी उभी, ४ जी डोक्यावरची. ६ जी म्हणजे पाइप ४५ अंशात तिरका पक्का बांधलेला, तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच भोवती फिरत जोड पूर्ण करायचा. ६ जी जमणाऱ्याला पाइपलाइन, रिफायनरी, बॉयलर अशा कामांत मागणी असते.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. असमे (ASME) या अमेरिकन अभियंता संघटनेच्या सेक्शन ९ सारख्या संहितेत वेल्डरची पात्रता ठरावीक प्रक्रिया आणि ठरावीक मर्यादेपुरती असते, आणि त्या प्रक्रियेने सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर ती संपते. नवी कंपनीही बहुधा तुमची टेस्ट पुन्हा घेते. म्हणून आयटीआय संपल्या संपल्या भरमसाट पैसे देऊन ६ जीचा कागद विकत घेण्यात अर्थ नाही. आधी ३ जी आणि ४ जीवर हात बसवा, काम धरा, सराव चालू ठेवा.

आयटीआयशिवाय आणखी कुठले परवाने लागतात?

वीजजोडणीची कामं स्वतंत्रपणे करायची असतील तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनला राज्याचा वेगळा परवाना लागतो, एनटीसी तेवढ्यासाठी पुरत नाही. बॉयलर चालवायला बॉयलर अटेंडंटचं प्रथम किंवा द्वितीय श्रेणीचं प्रमाणपत्र असावं लागतं. साखर कारखाना, डेअरी, कापड प्रक्रिया, औषध कंपन्या या सगळ्यांकडे बॉयलर असतो, तरी या वाटेकडे मुलं फारशी वळत नाहीत. तुमच्या भागात असे कारखाने असतील तर जरूर विचार करा.

कामाचा अनुभव आहे, पण कागद एकही नाही. काय करता येईल?

'पूर्वज्ञानाला मान्यता', म्हणजे आरपीएल, ही सोय अशांसाठीच आहे. क्षेत्रानुसार कौशल्य परिषदा आहेत, उदाहरणार्थ ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल. त्यांच्या मूल्यमापनात पास झालात की प्रमाणपत्र मिळतं. त्याला एनटीसीचं वजन नाही, पण कोरी पाटी राहत नाही.

मुलाखतीत काय विचारतात?

चांगल्या कंपनीत बोलण्याआधी हातात काहीतरी देतात. बहुधा एक जॉब आणि वर्नियर किंवा मायक्रोमीटर.

मायक्रोमीटर हातात आला की घाई करू नका. आधी दोन्ही मापणारे पृष्ठभाग पुसा. बंद करून शून्यावर येतो का बघा, येत नसेल तर ती चूक लक्षात ठेवा किंवा बोलून दाखवा. समोरचा माणूस हेच बघत असतो. मग जॉब धरा आणि शेवटचा भाग थिंबल (फिरणारी नळी) पिळून न दाबता रॅचेटने आणा, दोन-तीनदा कट-कट आवाज येईपर्यंत. आता वाचा: स्लीव्हवर (स्थिर नळीवर) १२.५ दिसतं आणि थिंबलवरची ३७ वी रेघ जुळली, तर १२.५ अधिक ०.३७, म्हणजे १२.८७ मिमी. साध्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ मिमी आणि नेहमीच्या वर्नियरचा ०.०२ मिमी, हे विचारल्यावर ताबडतोब सांगता आलं पाहिजे.

दुसरं ड्रॉइंग. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते, म्हणजे वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढलेलं असतं. २५ एच ७ (एच ७ म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची खूण) लिहिलेलं भोक असेल तर ते २५.००० ते २५.०२१ मिमीच्या आत हवं. एम १० चा साधा आटा पाडायचा असेल तर आधी ८.५ चं ड्रिल. असे दहा-पंधरा आकडे समजून लक्षात असलेला मुलगा इंग्रजीत अडखळला तरी निवडला जातो.

आणि येत नसेल ते 'येत नाही, शिकेन' असं सांगा. सुपरवायझरला खोटं लगेच ओळखू येतं.

सेफ्टीचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं का?

सुरुवातीला गरज नाही; रुजू होताना कंपनीने सेफ्टीचं प्रशिक्षण द्यायचं असतं. ते दिलं नाही तर मागा. पण काही गोष्टी त्याआधीपासून अंगात भिनलेल्या हव्यात.

फिरत्या मशीनवर, लेथ असो की ड्रिल, हातमोजे घालायचे नाहीत. हात वाचावा म्हणून घातलेला मोजाच चकमध्ये किंवा ड्रिलमध्ये अडकतो आणि हात आत ओढतो. सैल बाही, गळ्यातली साखळी, अंगठी, मोकळे केस यांचंही तेच. चीप हाताने ओढायची नाही, त्यासाठी हुक किंवा ब्रश असतो. मशीन दुरुस्त करताना मेन स्विचला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही, आणि ते कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं.

पॉवर प्रेसबद्दल हात जोडून सांगणं आहे. प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं असतात, ती दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत म्हणून. उत्पादन वाढवायला एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं दिसलं, किंवा सेन्सर बंद केलेला दिसला, तर त्या प्रेसवर बसू नका. 'सगळे असंच करतात' म्हणतील. तरी बसू नका. बोटं गेलेली माणसं प्रत्येक एमआयडीसीत भेटतात, आणि त्यातली कित्येक नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांतच जखमी झालेली असतात.

मुलींनी या क्षेत्रात यावं का?

यावं. आयटीआयच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. इलेक्ट्रॉनिक्स, वायर हार्नेस, क्वालिटी, असेंब्ली यांत मुली आधीपासून मोठ्या संख्येने आहेत, आता सीएनसी आणि वेल्डिंगलाही दिसतात. पालकांनी पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: शिफ्ट कोणत्या आणि रात्रपाळी असेल तर घरापर्यंत बस आहे का, स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली आहे का, तक्रार समिती आहे का. उत्तर देताना एचआरची चलबिचल झाली तर दुसरी कंपनी बघा.

एजंट म्हणतो, इतके पैसे भरा, नोकरी पक्की.

देऊ नका. शिकाऊ उमेदवारीसाठी पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. 'हमखास प्रमाणपत्र, परीक्षेची गरज नाही' असं कुणी सांगत असेल तर तो कागद पडताळणीत टिकणार नाही. खऱ्या एनटीसीची ऑनलाइन पडताळणी होते आणि आता बऱ्याच कंपन्या ती करूनच घेतात.

आयटीआयनंतर पुढे शिकता येतं का?

हो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. गणित कच्चं असेल तर पहिलं सत्र जड जातं, म्हणून मधल्या सुट्टीत तेवढं भरून काढा. नोकरी सोडायची नसेल तर संध्याकाळचे किंवा अर्धवेळ डिप्लोमा आपल्या जिल्ह्यात आहेत का ते पाहा. शिकवण्याची आवड असेल तर क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचं प्रशिक्षण घेऊन आयटीआयमध्ये निदेशक होता येतं. चांगल्या निदेशकांची गरज फार मोठी आहे.

रुजू होण्याआधी कोणती कागदपत्रं तयार ठेवू?

दहावीची गुणपत्रिका, एनटीसी, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, पॅन, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि फोटो. आधार, दहावी आणि एनटीसी या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अगदी सारखी आहे ना ते आजच पाहून ठेवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, एवढ्या फरकानेही पोर्टलवर करार अडकतो, आणि दुरुस्तीला वेळ जातो. फरक असेल तर आधी दहावीच्या कागदाप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या, मग नोंदणी करा. मूळ प्रमाणपत्रं कंपनीत किंवा कंत्राटदाराकडे जमा करू नका. दाखवा, साक्षांकित प्रत द्या आणि मूळ कागद घरी परत आणा.